नुसता सोडा

दर शनिवारी दुपारी साडेतीनला मी बारमध्ये जातो. कर्जत-खोपोली रस्त्यावर, खोपोली यायच्या जरा आधी, बाहेर हिरवा पडदा आणि आत भर दुपारीही ट्यूबलाइट, असा साधा परमिट रूम आहे. साडेतीनची वेळ आम्ही ठरवलेली नाही, ती कारखान्यानं ठरवली. पहिली पाळी तीनला सुटायची, हातपाय धुऊन गेटबाहेर पडेपर्यंत अर्धा तास जायचा. सव्वीस वर्षं मी तिथं स्टोअरकीपर होतो. टेबलाला आम्ही तिघं: मी, क्रेन चालवणारा आणि एक फिटर. क्रेनवाला माझ्याबरोबरच रिटायर झाला, फिटरची अजून दोन वर्षं राहिली आहेत. त्यामुळे वेळ तीच राहिली.

बायको होती तेव्हा साडेचारच्या सुमारास तिचा फोन यायचा.

"अहो, काय घेताय?"

"नुसता सोडा," मी म्हणायचो, आणि समोर बसलेला क्रेनवाला तोंडावर हात धरून हसायचा. फिटरही हसायचा. मी हात हलवून त्यांना गप्प करायचो. मुलगी मोठी झाल्यावर तीही विचारायला लागली, तिलाही तेच उत्तर. शेवटच्या वर्षात बायकोनं विचारणं सोडून दिलं. तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. आता त्याची लाज वाटते.

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मुलगी पुण्याला असते. गेल्या वर्षी माझ्या पायाला सूज आली, तिनं हात धरून डॉक्टरांकडे नेलं, आणि एकाच आठवड्यात माझ्या तोंडापाशी तीन पहारेकरी बसले. लिव्हर बघणाऱ्यानं दारू बंद केली. साखर बघणाऱ्यानं गोड आणि पिठूळ बंद केलं. छातीत धडधडतं म्हणून तिसऱ्याकडे गेलो, तर त्यानं चहा-कॉफीसकट सगळं कॅफीन बंद केलं. मी विचारलं, मग राहिलं काय? तो म्हणाला, पाणी. तो चेष्टा करत नव्हता.

दारू सुटली. कशी सुटली याची पोथी मी सांगणार नाही, हात कापायचे, घाम यायचा, मग यायचा बंद झाला. मुलगी दर दुसऱ्या रविवारी यायला लागली. सकाळी यायची, भाजी निवडून द्यायची, जेवण झालं की तिच्या आईच्या खाटेवर तासभर झोपायची. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचो. आत कुणीतरी झोपलेलं आहे, एवढ्यानंही घर भरतं. पण महिन्यात दोन रविवार असे, बाकीचे दिवस मी आणि पंखा. शनिवार सोडला असता तर आठवड्यात माझ्याशी बोलणारं माणूस म्हणजे दूधवाला. म्हणून दारू सोडली, टेबल सोडलं नाही.

तर प्रश्न असा की बारमध्ये बसून प्यायचं काय. ज्याला वाटतं की हे सोपं आहे त्यानं माझे तीन डॉक्टर घेऊन एकदा बसून बघावं.

पहिल्या शनिवारी वेटरनं कौतुकानं मॉकटेल आणलं. निळं, वर चेरी, कडेला छत्री. नुसतं सरबत. क्रेनवाला म्हणाला, "आमी इथं बसतो, तू तिकडं पोरांच्या वाढदिवसात जाऊन बस." ते परत पाठवलं. कोल्ड्रिंक सगळी साखरेची. बिनसाखरेचा कोला असतो असं फिटरनं शोधून काढलं, मी दोन बाटल्या प्यायलो आणि रात्रभर छातीत पंप चालू. त्यात कॅफीन असतं, हे मला तिसऱ्या डॉक्टरानं रागावून सांगितलं. मग टॉनिक वॉटर. ते कडू लागतं, म्हणून मी धरून चाललो की कडू ते औषधी. घरी येऊन बोटाला सुई टोचली तर साखर चढलेली. कडूपणाच्या आड एवढी साखर लपू शकते हे मला साठीला आल्यावर कळलं.

बिनदारूची बिअर आणली तेव्हा मी शहाणा झालो होतो. चष्मा चढवून बाटलीच्या पाठीवरची मुंगीएवढी अक्षरं वाचली. दारू नाही, पण जवाचं सत्त्व आहेच, म्हणजे पिठूळच. स्टोअरमध्ये माल घेताना जसं लेबल वाचायचो तसं बारमध्ये वाचत बसलो होतो, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस मला अबकारी खात्याचा समजून उठून गेला. जलजिऱ्याच्या पुडीत साखर. डब्यातल्या ज्यूसचं तर नावच नको. ताक चाललं असतं, पण वेटर हात जोडून म्हणाला, "शेठ, दारूवाल्यांच्या टेबलावर ताक नको. बघूनच उतरते त्यांची."

शेवटी उत्तर बाजारात सापडलं. आगळ विकणारी एक म्हातारी बसते, कोकमाचा मीठ घातलेला रस, साखरेचा कण नाही. खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात ते आगळ भरलं आणि खिशात घालून बारमध्ये गेलो. मोठा ग्लास, भरपूर बर्फ, साधा सोडा, अर्धं लिंबू, वरून दोन चमचे आगळ. सोडा फसफसून वर येतो आणि लालसर होतो. आंबट, खारट, जिभेला जरा लागणारं. चकण्यातले शेंगदाणे त्यांचे, काकडी आणि उकडलेलं अंडं माझं. लांबून बघणाऱ्याला वाटावं की गडी रम घेऊन बसला आहे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. त्या रंगामुळे मी त्यांच्यातला दिसायचो.

आमच्या टेबलाचे दोन रिवाज आहेत. पहिला घोट घेण्याआधी ग्लासात बोट बुडवून दोन-चार थेंब खाली शिंपडायचे, देवाला आणि गेलेल्या माणसांना. मी आगळाचे थेंब शिंपडले तेव्हा क्रेनवाला म्हणाला, "देवाला पण डायबेटीस झाला काय रं?" दुसरा रिवाज जास्त मोठा. बसल्यावर जे बोललं जातं ते उठल्यावर काढायचं नाही. टेबलावरचं टेबलावर. कुणी साहेबाला शिव्या देतो, कुणी बायकोची आठवण काढून रडतो, कुणी जमीन विकायला निघतो. सोमवारी गेटवर कुणी कुणाला त्याबद्दल विचारायचं नाही. इतकी वर्षं मी हा रिवाज पाळला, कारण मला आठवायचंच नाही. पितात ते सगळे एकदमच विसरतात, त्यात मोठेपणा काही नसतो. सोडा प्यायला लागल्यावर पहिल्यांदा मला सगळं आठवायला लागलं.

हा एकटेपणा कुणी सांगितला नव्हता. पाच वाजेपर्यंत ते दोघं एका होडीत बसून पुढे गेलेले असायचे आणि मी काठावर. तीच गोष्ट तिसऱ्यांदा ऐकायची, तिसऱ्यांदा हसायचं. घरी आलो की ती सगळी बोलणी माझ्याबरोबर घरी यायची. कुणाशी बोलणार? भिंतीशी?

थंडी सरताना एका शनिवारी फिटर रडला. त्याची आई आदल्या उन्हाळ्यात गेली होती, कर्जतजवळच्या कोंडाण्याला, गावच्या घरी. धाकटा भाऊ माथेरानला हॉटेलात कामाला. आई कुणाकडे राहणार यावरून दोघांचं बोलणं बंद झालेलं. त्यांच्याकडे बापाला अग्नी थोरल्यानं द्यायचा आणि आईला धाकट्यानं. पण दिला थोरल्यानं, म्हणजे फिटरनं. भाऊ पोचला तेव्हा चिता अर्धी जळून गेली होती.

"फोन वाजत व्हता रं खिशात," फिटर म्हणाला. "बघितलं, त्याचंच नाव. नेरळपर्यंत आलेला असणार. मी फोन बंद करून टाकला आन् म्हटलं, उचला. तासभर थांबलो असतो तर काय झालं असतं?"

क्रेनवाला त्याच्या पाठीवर थोपटत होता. "जाऊ दे, जाऊ दे," म्हणत होता. मग दोघांनी आणखी एकेक मागवला. उठेपर्यंत ती गोष्ट त्यांच्यापुरती संपलेली होती. माझ्या खांद्यावर ती तशीच राहिली.

त्याच संध्याकाळी कर्जतला मेडिकलवर गेलो, साखर तपासायच्या पट्ट्या घ्यायला. तिथं तो धाकटा भाऊ उभा, गुडघ्याला चोळायचं मलम मागत होता. मी त्याला दोन-तीनदा फिटरकडे पाहिलेलं. वाटलं, योग आहे. मी दोन भावांना जोडणार. माझ्यासारख्या रिकाम्या माणसाला असं काही सुचलं की धीर धरवत नाही.

त्याला बाजूला घेतलं आणि म्हटलं, "तुझा भाऊ रडतो रे तुझ्यासाठी. तो फोन बंद केला त्याचं अजून खातंय त्याला. माफ कर त्याला."

"कुठला फोन?" तो म्हणाला.

मी समजत होतो की त्याला ते ठाऊक आहे आणि भांडण त्यावरच आहे. त्याला सांगितलं गेलं होतं की बॅटरी संपली होती आणि भावकीनं घाई केली. हे मला तिथंच, त्याच्या तोंडून कळलं. तो मलम न घेताच निघून गेला. मी हाक मारली, पण त्यानं मागं पाहिलं नाही.

पुढच्या शनिवारी टेबल रिकामं होतं. मी साडेतीनपासून सहापर्यंत बसलो. वेटर सोडा ठेवून गेला, दुसऱ्यांदा आला तेव्हा खाली बघत म्हणाला, "शेठ, ते दोघं गुरुवारी येऊन गेले."

म्हणजे त्यांनी वार बदलला होता. मला समजेल अशा बेतानं, पण तोंडावर न सांगता. सव्वीस वर्षांची ओळख होती, निदान शिव्या तरी घालायच्या होत्या. मला राग आला, मग राग गेला. तीन शनिवार मी एकटा त्या टेबलाला बसलो. चार खुर्च्या, एक ग्लास. बोट बुडवून थेंब शिंपडायचो, बायकोचं नाव मनात घ्यायचो आणि पुढे काय बोलायचं ते सुचायचं नाही. घरी बसलो असतो तरी तेच, पण घरी वाट बघायला कारण नव्हतं. इथं पडदा हलला की मान वळायची.

चौथ्या शनिवारी पडदा हलला आणि फिटर आत आला. बसला नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला.

"आईचं वर्ष हाय येत्या मंगळवारी," तो म्हणाला. "भाऊ म्हणतो, सगळ्या भावकीत विचारीन, फोन का बंद केला. नायतर येतच नाय म्हणतो."

"मी माफी मागतो त्याची," मी म्हटलं. "तुझी पण मागतो."

"माफी घेऊन काय करायचंय." तो ग्लासाकडे बघत होता, त्या लाल सोड्याकडे. "त्याला जाऊन सांग, त्या दिवशी तुला चढली व्हती. तू काय ऐकलं, काय बोललास, तुला ठावं नाय."

मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतोय. त्याच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती.

"सगळ्यांना ठाऊक आहे मी सोडली ते."

"परत धरली म्हणावं. धरतातच की लोक." मग म्हणाला, "शनिवारचं परत सुरू करू. तो पण येईल."

तो म्हणजे क्रेनवाला. फिटर निघून गेला, आणि मी हिशोब नको म्हणतानाही मनात तोलत बसलो. एका पारड्यात माझं एक वर्ष, कापणाऱ्या हातांचं, घामाचं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी धड केलेली ती एकच गोष्ट. दुसऱ्या पारड्यात दोन खुर्च्या. हे सांगताना मला स्वतःचा राग येतो, पण फार वेळ तोलावं लागलं नाही.

रविवारी रिक्षानं कोंडाण्याला गेलो. लेण्यांची पाटी आहे तिथं उतरून चालत गेलो. भाऊ सुट्टीला घरी आलेला, ओटीवर बसून टोपलीचा काठ तारेनं बांधत होता. मला बघून उठला नाही.

"त्या दिवशी मेडिकलवर मी बोललो ते," मी म्हटलं, "मनावर घेऊ नकोस. मी बारमधनं आलो होतो."

"मंग?"

"मी घेतलेली होती. काहीबाही ऐकलं, काहीबाही जोडलं. तुझा भाऊ बॅटरी गेल्याचंच म्हणाला होता."

त्यानं तारेचा पीळ आवळला. "तुमचा वास नव्हता आला."

"व्होडका होती. तिला वास येत नाही."

हे मी इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. जुनी विद्या, विसरत नाही. त्यानं तार खाली ठेवली. त्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलेलं मला दिसलं. त्याला हेच ऐकायचं होतं, कुणीतरी येऊन हे सांगावं म्हणून तो महिनाभर थांबला असावा. बायकोला म्हणाला, "चहा टाक गं." मी म्हटलं, चहा नको. "मंग काय घेणार?" मी पाणी मागितलं.

पाणी देताना तो म्हणाला, "येवढी घेत जाऊ नका वो. वहिनी गेल्या, पण तुमी तरी ऱ्हावा." त्यानं ते इतक्या मायेनं म्हटलं की मला तिथंच खरं सांगावंसं वाटलं. मी पाणी प्यालो आणि निघालो.

आईचं वर्ष नीट झालं. दोघं भाऊ शेजारी पाटावर बसले, असं क्रेनवाल्याकडून कळलं. मला बोलावणं नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. पिऊन लोकांच्या घरात काड्या घालणाऱ्या माणसाला वर्षाच्या जेवणाला कोण बोलावील?

आणि त्यानंतरच्या शनिवारी साडेतीनला ते दोघं टेबलाला होते. जणू मधला महिना नव्हताच. क्रेनवाल्यानं खुर्ची पायानं सरकवली, "बस रं." फिटरनं माझ्यासाठी सोडा आधीच सांगून ठेवला होता. मी खिशातून बाटली काढली, आगळ ओतलं, ग्लास लाल झाला. तिघांनी बोटं बुडवली. थेंब शिंपडताना फिटरनं एक क्षण माझ्याकडे बघितलं, मग नजर काढून घेतली. मला आनंद झाला. लहान मुलासारखा झाला, तो नाकारत नाही.

साडेचारला फोन वाजला. मुलगी शनिवारी फोन करत नाही, रविवारी येणार असते म्हणून. कर्जतात बातमीला तिकीट लागत नाही, मी परत धरली ही बातमी कोंडाण्याहून पुण्याला तिच्यापर्यंत जायला सहा दिवस लागले हेच जास्त.

"अप्पा, कुठे आहात?"

"बसलोय. नेहमीच्या ठिकाणी."

"काय घेताय?"

तिला सगळं सांगता आलं असतं. पण ते सांगायचं म्हणजे टेबलावरचं पुन्हा बाहेर न्यायचं, आणि ज्याचं न्यायचं तो समोर बसून काकडीला मीठ लावत होता, माझ्यासाठी. एकदा नेऊन पाहिलं होतं. मी ग्लासाकडे बघितलं. बर्फ, लिंबू, सोडा, आगळ. दारू नाही, साखर नाही, कॅफीन नाही.

"नुसता सोडा," मी म्हटलं.

पलीकडून बस जात असल्याचा आवाज आला, मग तो गेला.

"आईलाही हेच सांगायचात," ती म्हणाली. "उद्या मला जमणार नाही, अप्पा."

फोन ठेवला. समोर क्रेनवाला, जुन्या सवयीनं, तोंडावर हात धरून हसत होता.